तर्री सोडलेला ड्रायव्हर: नागपूर-पुणे रात्रीच्या बसवरचं एक प्रकरण

नागपूरचा माणूस पोह्यावरची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, उगीच सोडत नाही. तरीही ४६ वर्षांचा एक बसचालक माझ्यासमोर बसून म्हणाला, "मॅडम, तर्री तं मी दीड वर्षापासून बंद केली. सावजीबी बंद," (सावजी म्हणजे नागपूरचं जहाल तिखट जेवण) तेव्हा मी खूश झाले आणि वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. ती खूण चुकली होती. चूक लक्षात यायला मला सहा आठवडे लागले. त्याआधी एका रात्री त्याच्या हातात स्टिअरिंग होतं, मागे तीसेक प्रवासी झोपलेले होते आणि त्याला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

मी आहारतज्ज्ञ आहे. मधुमेहाचे रुग्ण रोज बघते, त्यात चालकही असतात. हे प्रकरण त्या चालकाच्या आणि त्याच्या बायकोच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. बस कुणाची, ढाबा कोणता, गोळ्या कुणी लिहून दिल्या, हे सांगणार नाही. त्याला मी भाऊ म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी, तेच इथेही ठेवते.

पहिली भेट

भाऊ स्वतःहून आले नव्हते, वहिनींनी आणलं होतं. शुगर कळून चार महिने झाले होते. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९१ किलो, कमरेचा घेर १०८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० च्या वरचा घेर धोक्याचा मानतात. उपाशीपोटी साखर १७२, जेवणानंतर २६८, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ८.९. ते साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह धरतात. रक्तदाब १४८/९४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८६, हिमोग्लोबिन ११.४. पुरुषात १३ च्या खालचं हिमोग्लोबिन कमीच. दिवसाला आठ-नऊ कप चहा पिणारा माणूस, चहाने लोह शोषलं जात नसेल, असा सोपा निष्कर्ष काढून मी पुढे गेले. तीन वर्षांपूर्वी मुतखडा होऊन गेलेला. आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा, रोज सहा-सात.

वजन कधीपासून वाढलं, असं विचारलं तर भाऊंना सांगता येईना. उत्तर वहिनींकडे होतं. "दर दिवाळीले याईचे पँट टेलरकडे जातेत. लग्नात चौतीस कंबर होती, आता चाळीसबी कसते."

हे ऐकून मला लंडनच्या बसेस आठवल्या. तिथे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची तुलना केली होती. १९५३ साली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बस तीच, पगार जवळपास सारखा. कंडक्टर दिवसभर शेकडो पायऱ्या चढायचा-उतरायचा, चालक बसून असायचा, आणि हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. पुढे १९५६ मध्ये याच मंडळींनी गणवेशाच्या विजारींची मापं काढून पाहिली. चालकांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती, तरुण वयातसुद्धा. म्हणजे सगळा फरक बसून राहण्यामुळेच पडला असं नाही, काही भाग आधीचाच असावा, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. त्यांनी गणवेशाच्या मापांतून जे काढलं, ते वहिनींच्या लक्षात टेलरच्या बिलावरून आलं होतं. आपल्या रात्रीच्या बसमध्ये तर पायऱ्या चढणारा कंडक्टरही नसतो. दोन चालक आणि एक क्लीनर, बस.

भाऊंचं वेळापत्रक असं: संध्याकाळी सहाला नागपूर सोडायचं, सकाळी साडेसात-आठला पुणे. दिवसा तिथल्या खोलीवर झोप, संध्याकाळी परत नागपूरची वाट. दोन रात्री रस्त्यावर, एक रात्र घरी. पहिला टप्पा जोडीदार चालवतो. साडेदहाला मेहकरच्या अलीकडे-पलीकडे जेवणाचा थांबा. तिथून साडेतीनपर्यंत गाडी भाऊंच्या हातात, मग पुन्हा जोडीदार.

मी तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं. ढाब्यावर काय, असं विचारल्यावर भाऊ म्हणाले, "तिथं तं फुकट असते नं मॅडम." रात्रीच्या बसने गेलेल्या प्रत्येकाने हे पाहिलं आहे. चालक-क्लीनरची पंगत आतल्या बाजूला वेगळी बसते आणि त्यांना पैसे पडत नाहीत, कारण तीस-चाळीस गिऱ्हाइकं तेच घेऊन येतात. भाऊंच्या ताटात काजू करी किंवा पनीर बटर, तुपात भिजवलेल्या चार रोट्या, दाल फ्राय, भात आणि वरून दोन गुलाबजाम. माझ्या अंदाजाने दीड हजार कॅलरी, त्याही रात्री अकराला. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, त्यामुळे तेच ताट दुपारी जेवलं असतं तर साखर इतकी चढली नसती. त्यात चहा: कपामागे दोन चमचे, म्हणजे दिवसाला सत्तरेक ग्रॅम साखर नुसती चहातून. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसभराची वरून घातलेली साखर २५-३० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते.

मला सगळं उघड दिसलं. मी नेहमीचा तक्ता काढला: सकाळी नाश्ता, अकराला फळ, दुपारी ज्वारीची भाकर, मोड आलेले मूग, रात्री ढाब्यावर काकडी-कांदा-गाजराचं सॅलड आणि एक कोरडी रोटी, पनीर-गुलाबजाम बंद. भाऊंनी तक्ता वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि "हाओ मॅडम" म्हणाले. त्या "हाओ"त होकार नव्हता, हे मला तेव्हा ओळखू आलं नाही. सकाळी अकराला फळ खायला सांगितलेला माणूस त्या वेळी पुण्यात गाढ झोपलेला असतो, एवढाही विचार मी केला नव्हता.

रात्री दीड वाजता

पाच आठवड्यांनी वहिनींचा फोन आला, आवाज दबलेला. भाऊंनी घरी काही सांगितलं नव्हतं. जोडीदाराच्या बायकोकडून त्यांना कळलं होतं.

त्या रात्री भाऊंनी ठरवून माझा तक्ता पाळला. डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणाआधी घ्यायला लिहून दिलेली गोळी सव्वादहाला घेतली. ती ग्लिमेपिराइड होती, स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन बाहेर काढायला लावणाऱ्या गटातली. पुढ्यात सॅलड आणि कोरडी रोटी आली. सॅलडचे दोन-तीन तुकडे, रोटीचे दोन घास, मग पाणी पिऊन उठले. ही गोळी दोन-तीन तासांत जोरावर येते, आणि पोटात काही असो-नसो, इन्सुलिन सुटतंच.

जालना मागे पडल्यावर दीडच्या सुमारास जोडीदाराला जाग आली ती गाडीचा वेग फार उतरल्यामुळे. त्याने हाक मारली, भाऊंनी ओ दिली नाही. एसीत बसून शर्ट घामाने चिंब. गाडी सरळ रेषेत होती, पण मागून येणाऱ्या ट्रकचे हॉर्न त्यांना ऐकू येत नसावेत. जोडीदाराने खांद्याला धरून गाडी बाजूला घ्यायला लावली, ती त्यांनी घेतली, आणि सीटवर तसेच बसून राहिले. क्लीनरने आपल्याजवळची थंड पेयाची बाटली तोंडाला लावली. पंधरा-वीस मिनिटांनी भाऊ म्हणाले, "काहून थांबलो आपण?"

साखर मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून आकडा सांगता येणार नाही. पण घाम, गोंधळ, गोड पोटात जाताच आलेली शुद्ध आणि त्याआधीची गोळी, हे एकत्र धरलं तर साखर ७० च्या बरीच खाली गेली असणार, यात मला शंका नाही.

गोळी मी दिली नव्हती, हे खरं. पण कोणत्या गोळ्या घेता, किती वाजता घेता, हे मी विचारलं नव्हतं. पाकिटाचा फोटोही मागितला नव्हता. जेवण तोडण्याचा सल्ला मात्र दिला होता. रस्ता सरळ होता, जोडीदार जागा झाला, एवढ्यावर सगळे वाचले. हे लिहितानाही मला अस्वस्थ वाटतं.

मी भाऊंना दुसऱ्याच दिवशी बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, गोळ्या बदलून होईपर्यंत स्टिअरिंग धरायचं नाही. ते बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. "मालकाले काय सांगू? शुगर खाली गेली म्हटलं तं उद्यापासून गाडी दुसऱ्याची." खेप केली तर पैसे, असा त्यांचा हिशेब. आठ दिवस बसायचं म्हणजे मुलाच्या कॉलेजच्या फीचा हप्ता बुडायचा. मालकाला फोन करावा का, हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. रुग्णाचं गुपित एकीकडे, मागच्या बर्थवर झोपणारी माणसं दुसरीकडे. शेवटी असं ठरलं: भाऊंनी घरच्या लग्नाचं कारण सांगून आठ दिवस सुटी घ्यायची, मी त्यांच्यासोबत फिजिशियनकडे जायचं आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. वहिनींनी जामीन राहिल्यासारखं हे कबूल केलं. याहून चांगला मार्ग असेलही, मला तेव्हा सुचला नाही.

फिजिशियनने ग्लिमेपिराइड बंद करून मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीच्या जोडीला अशी गोळी दिली जी एकटीने साखर खाली पाडत नाही. ग्लुकोमीटर घ्यायला लावला. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवर असलेल्या चालकांना सांगतात की साखर ५ च्या वर असेल तरच गाडी सुरू करा. त्यांचं ५ म्हणजे आपलं ९०. खाली गेलीच तर गोड खाऊन साखर वर आल्यावरही पाऊण तास थांबायचं, कारण रक्तातली साखर सुधारली तरी मेंदू लगेच जागेवर येत नाही. आम्ही भाऊंसाठी १०० ची रेघ मारली. स्टिअरिंग हातात घेण्याआधी बोट टोचायचं, १०० च्या खाली असेल तर गाडी जोडीदाराकडे. दाराच्या कप्प्यात साखरेची छोटी पुडी, तीन चमचे, पाण्यात विरघळवून प्यायला. बिस्किट चालणार नाही, त्यातली साखर चढायला वेळ लागतो.

केबिनमध्ये

पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिलाच. सॅलडचे दोन तुकडे खाऊन हा माणूस का उठला? भूक नव्हती का? विचारलं की उत्तर एकच: "आवडलं नाई."

सुटी संपल्यावरच्या दुसऱ्या फेरीला मी बैद्यनाथ चौकात गेले. गाडी सुटायला पाऊण तास होता. भाऊंनी मला केबिनमध्ये बसवलं. आधी आपल्या गमछाने सीट पुसली.

चालकाचं घर दोन हातांच्या टप्प्यात असतं. डाव्या हाताला, गिअरजवळच्या खोबणीत खर्ऱ्याच्या दोन पन्न्या, एक उघडून रबर लावलेली. आरशाखाली देव, त्याला ताजं फूल. उजव्या दारात एक लिटरची पाण्याची बाटली, काठोकाठ भरलेली. मागच्या फेरीपासून तशीच होती. "पाणी काहून नाई पीत?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं. हसले. "मॅडम, पाणी पिलं की थांबा लागते. प्रवासी वरडतेत."

इथे एक गाठ सुटली. साखर १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतं आणि सोबत पाणी ओढून नेतं. म्हणून भाऊंना सारखी लघवी लागायची. गाडी थांबवता येत नाही म्हणून त्यांनी पाणीच तोडलं. पाणी तोडलं की लघवी घट्ट, आणि घट्ट लघवीत खडा लवकर बसतो. तीन वर्षांपूर्वीच्या मुतखड्याचं कारण त्या भरलेल्या बाटलीत दिसत होतं. "रोज तीन लिटर पाणी प्या" असं तक्त्यात लिहून मी मोकळी झाले होते. आधी साखर उतरली पाहिजे, मग लघवी कमी होईल, मगच हा माणूस बाटली उघडेल, हा क्रम मला केबिनमध्ये बसल्यावर कळला.

सीटच्या मागे डबा होता, वहिनींनी माझ्या तक्त्याप्रमाणे दिलेला. मी म्हटलं, भाऊ, माझ्यासमोर थोडं खाऊन दाखवा. ते टाळत होते. मग भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, ओठांच्या फटीतून बोटाने आत ढकलला, कितीतरी वेळ एका बाजूने चावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

दोन बोटं

"भाऊ, तोंड उघडा बरं." माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावायला हवीत. भाऊंची दोन जेमतेम मावली. गालाच्या आतलं अस्तर गुलाबी नव्हतं, पांढुरकं आणि ताणलेलं होतं.

खर्रा म्हणजे काय ते विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा. पानठेल्यावर लाकडी पाट्याला ताणलेल्या तारेवर पन्नी घासून घासून तो एकजीव करून देतात. लोक तंबाखूला भितात, सुपारीला कुणी भीत नाही. पण तोंडाच्या अस्तराखाली कडक तंतूंचे पट्टे तयार होतात ते मुख्यतः सुपारीमुळे. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आधी तिखट झोंबतं, मग तोंड कमी उघडू लागतं, आणि काहींमध्ये पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, तंबाखू नसली तरीही.

आता दीड वर्षापूर्वी सोडलेल्या तर्रीचा अर्थ लागला. भाऊंनी तर्री मनावर ताबा ठेवून सोडली नव्हती, ती झोंबत होती. सावजी त्याच कारणाने गेलं. भाकर चावत नव्हती, कांदा-काकडी फुटत नव्हती, मोड आलेले मूग गालाला टोचत होते. मऊ, ओलं, बिनतिखट ते उरलं: चहात बुडवलेलं ब्रेड-बिस्किट, भात, तुपात भिजलेली रोटी, काजू करी, पनीर, गुलाबजाम. ज्या ताटावर मी लाल रेघ मारली, तेच त्यांना गिळता येणारं शेवटचं ताट होतं, आणि त्याच्या जागी मी दिलेलं सगळं त्यांच्या तोंडाबाहेरचं. हिमोग्लोबिनसुद्धा केवळ चहाने उतरलं नसावं. भाजी, मोड, मटण, सगळंच सुटलेल्या माणसाला लोह मिळणार कुठून?

हे का लपवलं, असं विचारल्यावर भाऊ म्हणाले, "दादाले गालाचा कॅन्सर झाला होता. मले माहीत होतं काय होऊन राह्यलं ते. तुमी नाव घ्याल म्हणून नाई सांगितलं."

वहिनींना वाटत होतं, आपल्या हातची भाकर यांना आता आवडत नाही. डबा परत यायचा तेव्हा भाकर तशीच आणि भाजीचा रस्सा संपलेला. दीड वर्ष त्या वेगवेगळ्या भाज्या करून बघत होत्या.

मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तोंड २६ मिलिमीटर उघडत होतं. सुदैवाने तपासणीत कर्करोग निघाला नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवत राहायचं ठरलं. खर्रा बंद, औषधं, आणि एक व्यायाम: आइसक्रीमच्या लाकडी काड्यांची थप्पी दातांमध्ये धरायची आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची. पहिल्या दिवशी तेरा काड्या मावल्या.

कण्या

आता तक्ता नव्याने लिहायचा होता. या वेळी मी घड्याळ त्यांच्या ड्यूटीचं घेतलं आणि पहिली अट तोंडाची ठेवली. मऊ हवं, बिनतिखट हवं, साखर झपाट्याने चढवणारं नको, दुपारी भरलेला डबा रात्री साडेदहाला आंबायला नको.

उत्तर वहिनींच्या आजीकडे होतं. ज्वारीच्या कण्या. ज्वारी जाडसर भरडायची, धुऊन मिठाच्या पाण्यात मऊ शिजवायची आणि ताक घालून खायची. वऱ्हाड-नागपूरकडच्या कोरडवाहू गावांत कित्येक घरं यावर जगली. भाऊंनी नाव ऐकताच नाक मुरडलं. "हे तं गरिबाचं खाणं, मॅडम." वहिनी फटकन म्हणाल्या, "आपण कोण मोठे सावकार लागून गेलो?"

१०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकेच तंतू असतात. एक गोष्ट मात्र लपवत नाही. धान्य जितकं मऊ आणि पातळ शिजवाल तितकी त्यातली साखर लवकर सुटते. म्हणून कण्यांमध्ये तीन भागाला एक भाग मुगाची डाळ घातली, ताक घट्ट ठेवलं आणि वरून चमचाभर जवसाची पूड, मिरची न घालता. जवस आपल्याकडे घरोघरी असतोच. अख्ख्या जवसाची चटणी टोचते, बारीक पूड टोचत नाही.

मोठं जेवण रात्रीवरून काढून दुपारी साडेतीनला आणलं, घरी असताना. पातळ पिठलं किंवा वरण, त्यात कुस्करलेली भाकर, कोहळं, लौकी किंवा पालक मऊ शिजवून, वाटीभर दही. रात्री डब्यातल्या कण्या. पुण्यात खोलीजवळ दोन इडल्या आणि दही. चहा चार कप, अर्धा चमचा साखर घालून. चहा एकदम तोडला नाही, कारण रात्री जागं राहायला या माणसाकडे चहा आणि खर्रा एवढीच दोन साधनं होती. दोन्ही एकदम काढून घेतली तर झोप जिंकेल. त्याऐवजी जेवणाआधीच्या टप्प्यात, जोडीदार चालवत असताना, वीस मिनिटं आडवं व्हायचं ठरवलं.

ढाब्यावर भलतीच अडचण आली. भाऊंनी पहिल्या रात्री ताट परत पाठवलं तेव्हा मॅनेजर धावत आला. जेवणात काही कमी पडलं का, दुसऱ्या ढाब्याशी बोलणं झालं का, तिसरी भाजी देऊ का. फुकटच्या ताटाला नाही म्हणणं म्हणजे उद्यापासून गाडी तिथे थांबणार नाही, असा त्याचा समज झाला. शेवटी भाऊंनी दोन अंड्यांची बिनमिरचीची भुर्जी आणि वाटीभर साधं वरण मागायला सुरुवात केली. मॅनेजरला दिलासा, भाऊंना प्रथिनं. ही युक्ती त्यांची स्वतःची, मला सुचली नव्हती.

सहा महिन्यांनी

वजन ८४.५, कमरेचा घेर १०१. एचबीए१सी ७.२. रक्तदाब १३४/८४. हिमोग्लोबिन १२.६. साखर उतरल्यावर लघवी कमी झाली आणि दारातली बाटली रिकामी होऊ लागली. ती संध्याकाळी सातच्या आत आणि प्रत्येक अदलाबदलीला थोडी थोडी, अशी पितात. ग्लुकोमीटरच्या वहीत १०० च्या खालचे दोन आकडे आहेत. दोन्ही रात्री गाडी जोडीदाराने चालवली. पंधरा काड्या मावतात, म्हणजे तोंड ३० मिलिमीटर. हे तंतू पूर्ण विरघळत नाहीत, त्यामुळे पूर्वीइतकं तोंड उघडेल असं आश्वासन मी त्यांना दिलेलं नाही.

खर्रा सातवरून शून्यावर आला आणि अडीच महिने शून्यावर राहिला. दिवाळीच्या गर्दीत जोडीदार आजारी पडला, बदली चालक मिळाला नाही, आणि भाऊंनी पाच रात्री एकट्याने गाडी ओढली. त्या आठवड्यात खर्रा परत आला. आता रोज दोन आहेत, काही दिवस एक. चालणं जमलंच नाही, दोनदा ठरलं आणि दोनदा बुडालं. झोप अजून चार-पाच तास, तीही तुकड्या-तुकड्यांत.

त्या पाच रात्रींसाठी मी भाऊंना दोष देत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्यावर फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहून ठेवलं. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कँटीन, मुक्काम असेल तिथे विश्रांतीची खोली, हेही त्यात होतं. एकट्याने चौदा तास चालवणाऱ्या माणसाला कण्यांचा डबा पुरा पडत नाही. त्याला दुसरा चालक लागतो.

जोडीदार आता त्यांच्यासोबत तपासणीला येतो. त्याचं तोंड अडीच बोटं उघडतं. त्याला मी पहिल्याच भेटीत तोंड उघडायला लावलं आणि मगच काय खाता ते विचारलं.

पुढची तारीख एप्रिलची आहे. नागपूरचा उन्हाळा तोवर लागलेला असेल. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि इंजिनाशेजारच्या डब्याला त्याहून जास्त सोसावं लागतं. हिवाळ्यात ताक घातलेल्या कण्या साडेदहापर्यंत टिकल्या, मे महिन्यात टिकणार नाहीत. वहिनींनी डोकं लावलंय: कण्या कोरड्या द्यायच्या, ताक स्टीलच्या बाटलीत रात्रभर गोठवायचं आणि बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायची. परवा त्यांनी बाटली उन्हात गच्चीवर ठेवून पाहिली. दुपारी चारला ठेवली, रात्री दहाला आत अजून बर्फाचा खडा वाजत होता.